वाळू चाळणाऱ्यांची सोबत

शोभेच्या माशांचं दुकान मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातलं असो की तालुक्याच्या गावातलं, तिथे एक मागणी हमखास कानावर पडते: "तळ साफ ठेवणारा एखादा मासा द्या." मागणाऱ्याकडे बहुधा ऑस्कर, सेव्हेरम किंवा ग्रीन टेरर असतो. टाकीच्या तळाशी उरलेलं खाणं आणि विष्ठा साचते. दिवसभर वाळू तोंडात घेऊन चाळणारा मासा आणला की हे काम परस्पर होईल, असा त्याचा हिशेब असतो. दुकानदारही कोरीडोरसची जोडी किंवा जिओफेगसचं बोटभर पिल्लू पिशवीत बांधून देतो.

हा हिशेब चुकीचा आहे. वाळू चाळणारा मासा सफाई करत नसतो, तो जेवत असतो. विष्ठा तो खात नाही, उलट स्वतःची भर घालतो, आणि वीस सेंटिमीटरच्या जिओफेगसची भर थोडीथोडकी नसते. वाळू सतत उलथीपालथी होते, खाली दबलेला गाळ वर उठतो आणि फिल्टरच्या हाती लागतो, एवढाच काय तो फायदा. हा मासा नोकर म्हणून आणण्यात अर्थ नाही. आणायचा तर घरचा माणूस म्हणून आणावा. एकदा असं ठरवलं की मग खरा प्रश्न समोर येतो. दक्षिण अमेरिकन सिक्लिडच्या टाकीत तळाचा हक्क कोणाला द्यायचा आणि त्याच्यासोबत कोण नांदेल? शौकीन मंडळी उत्तरासाठी स्वभावाचे तक्ते पाहतात: हा शांत, तो भांडखोर. स्वभावाला महत्त्व आहेच. पण माझ्या मते त्याच्याआधी तीन गोष्टी तपासायला हव्यात: मासा कुठल्या नदीचा, त्याला तळ कसा लागतो आणि तो किती वेगानं जेवतो. जोड्या बिघडतात त्या बहुतेक या तिसऱ्या गोष्टीवर.

जेवण कसं चालतं ते सॅटनोपर्का ल्युकोस्टिक्टाच्या टाकीसमोर बसून पाहण्यासारखं आहे. गालांवर बारीक पांढुरके ठिपके असलेला हा लांब तोंडाचा मासा तळाशी येतो, एका जागी थबकतो, मान खाली घालावी तसा तिरपा होतो आणि जवळजवळ डोळ्यांपर्यंत वाळूत तोंड खुपसतो. तोंडभर वाळू घेऊन किंचित मागे सरतो. मग जबडे हलू लागतात आणि कल्ल्यांच्या फटींतून दोन्ही बाजूंनी वाळूची बारीक धार गळत राहते. सुपात धान्य पाखडतात तसं आतल्या आत पाखडणं चाललेलं असतं. वाळू जड म्हणून बाहेर, अळी हलकी म्हणून आत. या माशांच्या कल्ल्याच्या पहिल्या कमानीवर वरच्या बाजूला एक मांसल पाळी असते. घशातल्या जबड्यांच्या जोडीनं ती या कामात भाग घेते, असं मानलं जातं. शेवटी उरलेली वाळू तो तोंडातून थुंकतो आणि चार बोटं पुढे सरकून तेच पुन्हा सुरू करतो. एका घासातून मिळतं ते फार थोडं: डासासारख्या किड्यांच्या अळ्या, बारीक कवचधारी जीव, एखादं बी, कुजकी पानं. म्हणून हा मासा दिवसभर जेवत असतो. त्याची दिनचर्याच ती आहे. ती मोडली की तो वाळतो, बुजतो आणि आजारी पडतो.

वाळू चाळणाऱ्या सिक्लिडांच्या या गटाची शास्त्रीय ओळख जुनी आहे. योहान नाटरर 1817 ते 1835 या काळात ब्राझीलमध्ये फिरून प्राण्यांचे नमुने गोळा करत होता. त्यानं व्हिएन्नाला धाडलेल्या माशांवरून योहान याकोब हेकेलनं 1840 मध्ये कितीतरी सिक्लिडांचं वर्णन प्रसिद्ध केलं. जिओफेगस अल्टिफ्रॉन्स, सॅटनोपर्का जुरुपारी, सॅटनोपर्का डीमन ही नावं त्याच प्रबंधातली. पुढच्या काळात स्वीडनच्या स्वेन कुलँडर यांनी या गटाची बरीच नव्यानं मांडणी केली. शौकीनाच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट अशी की दुकानातली नावं या मांडणीच्या बरीच मागे आहेत. 'सुरिनामेन्सिस' या नावानं विकला जाणारा मासा बहुधा खरा जिओफेगस सुरिनामेन्सिस नसतो. तो मासा सुरिनाम आणि फ्रेंच गयानातल्या नद्यांचा आहे आणि बाजारात क्वचितच येतो. 'जुरुपारी' म्हणून मिळतो तो बऱ्याचदा ल्युकोस्टिक्टा निघतो. टापाजोस नदीतला लाल डोक्याचा देखणा जिओफेगस कितीतरी वर्षं बिननावाचाच विकला जात होता. त्याला जिओफेगस पायरोसेफॅलस हे शास्त्रीय नाव मिळालं ते 2022 मध्ये. नावाला इतकं महत्त्व द्यायचं कारण नावामागे नदी असते, आणि नदीमागे पाण्याचं तापमान, आम्लता आणि माशाचा पूर्ण वाढलेला आकार.

आता तळाकडे. या माशांना खडी चालत नाही. रंगीत खडी तर नाहीच नाही. खडा तोंडात मावला तरी कल्ल्यांतून जात नाही, आणि धारदार कण कल्ले खरवडतात. एक मिलिमीटरपेक्षा बारीक, गोलसर कणांची वाळू हवी, तीन ते पाच सेंटिमीटर जाडीची. आपल्याकडे इथेच दोन चुका होतात. बांधकामासाठी मिळणारी क्रश सँड दगड फोडून केलेली असते, तिच्या कणांना धार असते. ती स्वस्त असली तरी टाकीत टाकू नये. कोकणच्या किनाऱ्यावरची वाळू हाताला मऊ लागते, पण तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. तो पाण्यात विरघळत राहतो आणि पाणी जड होत जातं. अमेझॉनच्या खोऱ्यातल्या माशांना नेमकं तेच नको असतं. मूठभर वाळूवर व्हिनेगर टाकून पाहावं. बुडबुडे आले तर ती बाजूला ठेवावी. चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुतलेली नदीची वाळू किंवा जलतरण तलावाच्या फिल्टरमध्ये वापरतात ती सिलिका वाळू उत्तम. दगड मांडायचे तर ते आधी काचेवर, खाली पातळ थर्माकोल घालून बसवावेत आणि मग भोवती वाळू पसरावी. वाळूवर ठेवलेल्या दगडाखालची वाळू हे मासे काढून टाकतात आणि दगड कलंडतो. वाळूखालचा अंडरग्रॅव्हल फिल्टर इथे निरुपयोगी ठरतो. कॅनिस्टर फिल्टरची ओढनळी तळापासून बरीच वर ठेवावी, नाहीतर वाळूचे कण मोटरीत जाऊन पंख्याची पाती झिजतात.

टाकीची उंची या माशांच्या उपयोगाची नाही, लांबी-रुंदीच कामाची. चार बाय दीड बाय दीड फुटांची, म्हणजे अडीचशे लिटरच्या आसपासची टाकी मध्यम आकाराच्या जातींना जेमतेम पुरते. जिओफेगस अल्टिफ्रॉन्स पंचवीस सेंटिमीटरच्या पुढे जातो, डीमन तीस सेंटिमीटर गाठतो. त्यांच्यासाठी सहा बाय दोन बाय दोनच्या खाली विचार करू नये. हे मासे कळपानं राहतात. दोन-तीन ठेवले की त्यांतला जबर मासा दुबळ्याला सतत पिटाळतो, सहा-आठ ठेवले की तो राग वाटला जातो. म्हणून 'एक जिओ आणि बाकी रंगीबेरंगी' ही आपल्याकडची आवडती मांडणी त्या एकट्या जिओच्या दृष्टीनं सर्वांत वाईट.

आता जाती. पहिल्यांदाच वाळू चाळणारे सिक्लिड पाळणाऱ्याला मी निःशंकपणे लाल डोक्याचा टापाजोस सुचवेन. वीस सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, रंग लवकर धरतो, आपसांत कुरबुरी करतो पण दुसऱ्यांच्या वाटेला फारसा जात नाही. शिवाय टापाजोस ही स्वच्छ आणि उबदार पाण्याची नदी, त्यामुळे 28 ते 30 अंशांचं पाणी त्याला मानवतं. महाराष्ट्राच्या हवामानात ही मोठीच सोय. व्हेनेझुएलातला जिओफेगस विनेमिलरी आणि टोकँटिन्सकडचा जिओफेगस स्वेनी हेही याच तोलाचे, मिळाले तर अवश्य घ्यावेत.

सॅटनोपर्का माझ्या विशेष आवडीचे, आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल सावधपणे लिहितो. ल्युकोस्टिक्टा तसा कणखर आहे, पण भित्रा आणि सावकाश जेवणारा. जोडीला धसमुसळा मासा असेल तर तो कोपरा धरून बसतो. डीमन आणि त्याचा भाऊबंद लिलिथ हे रिओ निग्रो आणि ओरिनोकोच्या मऊ, आम्ल पाण्यातले मासे. मुंबईच्या धरणांचं पाणी मऊ असतं, तिथे प्रयत्न करून पाहता येईल. पण देशावरच्या बोअरवेलच्या जड पाण्यात आरओचं पाणी मिसळल्याशिवाय त्यांच्या नादी लागू नये. पाण्यात नायट्रेट साचलं की या गटातल्या माशांच्या डोक्यावर खड्डे पडू लागतात. दर आठवड्याला निम्म्याच्या आसपास पाणी बदलण्याची तयारी नसेल तर सॅटनोपर्का आणू नयेत, इतकं स्पष्ट सांगायला हवं.

कोलंबियाच्या मॅग्डालेना खोऱ्यातला स्टाइंडाख्नेरी, नराच्या कपाळावर लाल उंचवटा असलेला, हा लहान टाक्यांसाठी म्हणून सुचवला जातो. आकारानं तो आटोपशीर आहेच, पण नर माद्यांच्या मागे हात धुऊन लागतात. एका नरामागे तीन-चार माद्या हव्यात. त्रिनिदाद आणि व्हेनेझुएलातल्या निळ्या अकाराची, अँडिनोअकारा पल्चरची, त्याला चांगली सोबत होते. दोघेही खंबीर, आणि पाण्याबाबत फार चोखंदळ नाहीत. उलट बायोटोडोमा कपिडो दिसायला नाजूक आणि वागायलाही नाजूक. तो फक्त अनुभवी माणसानं आणावा. अकॅरिक्थिस हेकेली लांबलचक पंखांमुळे मन मोहवतो, पण वीण जवळ आली की बोगदा खणतो आणि भोवतालचा सगळा परिसर आपला मानतो. मिश्र टाकीत मी त्याला घेणार नाही.

बुटक्या जातींत रॅमिरेझी आणि बोलिव्हियाचा अल्टिस्पिनोसस हेही वाळू तोंडात घेऊन चाळतात. रॅमिरेझी ओरिनोकोच्या उष्ण मैदानी प्रदेशातला, त्याला 28 अंश आणि वर लागतात. अल्टिस्पिनोसस थोड्या थंड पाण्यातही खूश असतो आणि माझ्या मते दोघांत तोच अधिक भरवशाचा. मोठ्या जिओफेगससोबत यांना ठेवू नये. मोठे मासे त्यांना मारतीलच असं नाही, पण तळावर त्यांना जागाच उरत नाही.

दक्षिणेकडच्या जिम्नोजिओफेगसांचं काय? उरुग्वे, दक्षिण ब्राझील, परानाचं खोरं इथले हे मासे रंगानं अप्रतिम आहेत, आणि परदेशांतले शौकीन त्यांच्यावर जीव टाकतात. त्यांना हिवाळा लागतो. पाणी काही महिने 20 अंशांखाली उतरावं लागतं. बारा महिने उबदार पाण्यात ठेवले तर ते लवकर थकतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टाकीचं पाणी 32 अंशांच्या वर सहज जातं. तिथे चिलरशिवाय त्यांचा हट्ट धरणं म्हणजे माशाचा छळ आहे. आणि डिस्कससारख्या गरम पाण्याच्या माशासोबत त्यांना ठेवणं तर मुळातच अशक्य.

सिक्लिड कुळ आपल्याला तसं परकं नाही. गोव्याच्या खाड्यांतला काळुंदर याच कुळातला. तिलापिया 1952 मध्ये भारतात आणली गेली. तिला उजनीकाठी चिलापी म्हणतात, तीही सिक्लिडच. पण कुळ एक म्हणून सवयी आणि पाणी एक होत नाही. दुकानांत 'मिक्स सिक्लिड' अशी पाटी लावून एकाच टाकीत मलावी सरोवराचे निळे-पिवळे मासे आणि दक्षिण अमेरिकेचे मासे ठेवलेले असतात. मलावीचं पाणी जड आणि अल्कधर्मी, तिथले खडकांवरचे मासे चपळ आणि आक्रमक. त्या टाकीतून जिओफेगसचं पिल्लू उचलताना ते आधीच पंख कुरतडलेलं नाही ना हे बघून घ्यावं, आणि घरी नेल्यावर त्याची जुनी सोबत विसरून जावी.

आता वरच्या मजल्यावरचे शेजारी. इथे जेवणाचा वेग हाच निकष धरावा. ऑस्कर दोन मिनिटांत टाकीतलं सगळं खाणं गिळतो. तो जिओफेगसला मारेल की नाही हा नंतरचा प्रश्न. आधी तो त्याच्या तोंडचा घास काढून घेतो. शिवाय त्याची विष्ठा इतकी की नायट्रेट कायम चढलेलं राहतं, आणि ते या माशांना सर्वांत जास्त बाधतं. पूर्ण वाढलेले अल्टिफ्रॉन्स आणि ऑस्कर फार मोठ्या टाकीत एकत्र राहतात, हे खरं आहे. पण ही जोडी मी कुणाला सुचवणार नाही. ग्रीन टेररबाबतही तेच, त्यात त्याचा राग वेगळाच. सेव्हेरम मात्र उत्तम. हेरोस वंशातला हा मासा मध्यम पाण्यात राहतो, पालापाचोळा आणि झाडंझुडपं खातो, सावकाश वागतो. मेसोनॉटा, एंजल आणि मोठ्या टाकीत उआरू हेही चांगले शेजारी. एंजल तर तळाकडे फारसा वळतही नाही. डिस्कससोबत मी सॅटनोपर्का ल्युकोस्टिक्टा पसंत करेन, जिओफेगस नाही. दोघेही सावकाश जेवतात, दोघांनाही 28-29 अंश चालतात आणि कुणी कुणाला दटावत नाही. पाइक सिक्लिड म्हणून मिळणारे क्रेनिसिक्ला शिकारी आहेत. त्यांच्या तोंडात मावेल असं काहीही त्यांच्यासोबत ठेवता येत नाही.

भित्र्या माशांना धीर यावा म्हणून वरच्या थरात एक कळप ठेवावा. सिल्व्हर डॉलर, म्हणजे मेटिनिस, मोठ्या टाकीत शोभतात. वर मासे निर्धास्त पोहताना दिसले की खालचे सॅटनोपर्काही कोपऱ्यातून बाहेर येतात. मेटिनिस झाडं खाऊन टाकतात, पण वाळू उकरणाऱ्यांच्या टाकीत मुळांची झाडं तशीही टिकत नाहीत. लाकडाला बांधलेली जावा फर्न किंवा अनुबियस लावावी. ती दक्षिण अमेरिकेची नाहीत याची खंत बाळगू नये.

सिक्लिड नसलेल्या वाळूवाल्यांत कोरीडोरस सर्वांत परिचित. 2024 मधल्या नव्या वर्गीकरणानं या मोठ्या वंशाचे अनेक तुकडे केले. दुकानातला लाडका स्टर्बाय आता होप्लिसोमा वंशात गेला आहे. दुकानदारांना याचा पत्ता लागायला वेळ लागेल, नाव काहीही असो, मासा तोच. स्टर्बाय उबदार पाणी सहन करतो, म्हणून डिस्कस आणि ल्युकोस्टिक्टा यांच्यासोबत तोच घ्यावा. पण कोरीडोरसला ऑस्करच्या टाकीत सोडणं म्हणजे दोघांच्याही जिवाशी खेळ. त्याच्या छातीच्या पंखांना आणि पाठीच्या पंखाला कडक काटे असतात. घाबरला की ते उभे राहून कुलूप लागल्यासारखे घट्ट होतात. ऑस्करनं त्याला गिळायचा प्रयत्न केला की तो घशात अडकतो आणि बऱ्याचदा दोघंही मरतात. मोठ्या जिओफेगससोबत मोठ्या जातीचे कोरीडोरस चालतात. खाणं मात्र दोन वेळा द्यावं लागतं, एक दिवसा आणि एक दिवे मालवल्यावर, कारण दिवसा तळावर राज्य जिओफेगसचं. पिग्मी कोरीडोरस कुठल्याही मोठ्या सिक्लिडसोबत नको.

गोड्या पाण्यातला स्टिंग रे, पोटामोट्रिगॉन, वाळूत दडतो आणि वाळूतलंच खातो. तळाचा जवळजवळ सगळा पसारा तो एकटा व्यापतो. शिवाय त्याचा शेपटीचा काटा विषारी असतो. ज्याच्या घरी लहान मुलं टाकीत हात घालतात त्यानं तो आणूच नये, ही माझी ठाम भूमिका आहे. तळाच्या लाकडावर राहणारे लहान प्लेको, अँसिस्ट्रससारखे, वाळूवाल्यांशी स्पर्धा करत नाहीत, ते बिनघोर ठेवावेत. दुकानात दोन इंचांचा मिळणारा सेलफिन प्लेको मात्र फुटाच्या पुढे वाढतो. नको झाला म्हणून लोकांनी नदीत सोडल्यामुळे तो आज देशातल्या अनेक नद्या-जलाशयांत पसरला आहे आणि मासेमारांची जाळी फाडतो.

खाणं बारीक हवं, खाली बसणारं हवं आणि थोडं थोडं हवं. मोठा पेलेट वाळूवाल्यांच्या पद्धतीत बसत नाही. एक मिलिमीटरचे खाली जाणारे दाणे वाळूवर पसरून टाकले की मासे ते स्वतः शोधतात. गोठवलेले डॅफ्निया, सायक्लॉप्स, ब्लडवर्म आलटून पालटून द्यावेत. वरच्या माशांना आधी तरंगणारं खाणं देऊन गुंतवावं आणि मग टाकीच्या दुसऱ्या टोकाला तळासाठी सोडावं. एवढी शिस्त ठेवली तर अनेक बिघडलेल्या जोड्या सावरतात.

एक गोष्ट सोबतीचा सगळा हिशेब बदलून टाकते: वीण. लाल डोक्याच्या टापाजोसांची जोडी जमली की दोघं मिळून एक सपाट जागा निवडतात. अंडी फुटली की पिल्लं दोघांच्याही तोंडात जातात. त्या दिवसांत अर्धा तळ त्यांचा असतो. सहा फुटी टाकीत बाकीचे दुसऱ्या टोकाला सरकतात आणि निभावून जातं. चार फुटी टाकीत मात्र कोरीडोरसच्या शेपट्या फाटतात आणि दुबळ्या जिओफेगसला श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. स्टाइंडाख्नेरीची मादी अंडी घालताच ती तोंडात घेते आणि आठवडे खात नाही. नराच्या तावडीतून तिला वेगळं काढावंच लागतं. म्हणून पहिला वाळू चाळणारा मासा घरी आणण्याआधीच साठ-सत्तर लिटरची एक जादा टाकी चालू स्पंज फिल्टरसह तयार ठेवावी. नवे मासे आधी तिथे तीन-चार आठवडे ठेवता येतात, आणि मोठ्या टाकीत कुणाला वेगळं करायची वेळ आली तर ती हाताशी असते.